कुत्र्यासाठी घरी बिस्किटं कशी भाजायची? मैद्याची चालतील का?

मैदा नको. आपल्या बेळगाव भागात रताळी मुबलक मिळतात, तीच घ्या. एक वाटी उकडून कुस्करलेलं रताळं, एक अंडं आणि मावेल तेवढं ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ. मीठ, साखर, गूळ काहीच नाही. भाकरीपेक्षा घट्ट मळा, जाडसर लाटून बोटाएवढे तुकडे कापा. ओव्हन १८० अंशांवर, २५ ते ३० मिनिटं. बंद केल्यावर तुकडे आतच गार होऊ द्या, त्यानेच कुरकुरीत होतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर झाकून, उलटून भाजा. थोडे मऊ राहतील, पण आमची राणी तेच आधी संपवते!

कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको, ही कुत्र्यांना विषारी आहेत. शुगर-फ्री पदार्थांतलं झायलिटॉल तर फारच घातक. आणि लाडानं आपल्या बेळगावी कुंद्याचा, म्हणजे खव्याच्या गोड मिठाईचा, तुकडाही भरवू नका, प्लीज.

दिवसभराच्या खाण्यात खाऊ दहा टक्क्यांच्या वर नको. अंडं पहिल्यांदाच देत असाल तर एकच तुकडा देऊन दिवसभर लक्ष ठेवा. डबा फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा.