ताब्याचं पत्र, ऑफर लेटर आणि ॲपचं बटण: तीन ठिकाणचं ‘ॲक्सेप्ट’

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटच्या ताब्याच्या पत्रावर बिल्डरने ‘आय ॲक्सेप्ट द फ्लॅट इन गुड कंडिशन अँड हॅव नो क्लेम’ असं छापून आणलंय. मुलाला ऐरोलीच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय, तिथेही ‘ॲक्सेप्टेड’ लिहून सही हवी आहे. मोबाइलवर तर कुठलंही ॲप उघडलं की ‘ॲक्सेप्ट’. मग तिन्हीकडे अर्थ एकच का?

नाही. बेलापूरला निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करताना या शब्दाशी माझा रोजचा संबंध आला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या फ्लॅटचं आधी घेऊ, कारण तिथे सगळ्यात जास्त पैसे गुंतलेत.

आपण भेट स्वीकारतो, अट मान्य करतो, चूक कबूल करतो, जोखीम पत्करतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी ॲक्सेप्ट चालतं. त्यामुळे छापील पत्रात हा शब्द दिसला की आधी विचारायचं: मी इथे नक्की काय करतेय? वस्तू हातात घेतेय, की ती चांगली आहे असं मान्य करतेय? तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी एका शब्दात बसवल्यात आणि वर ‘नो क्लेम’ची भर घातलीय. किल्ल्या मिळाल्या, हे खरं आहे. ते खुशाल लिहून द्या. फ्लॅट चांगल्या स्थितीत आहे, हे नळ, उतार, खिडक्या, ओल सगळं तपासल्याशिवाय तुम्हाला कसं सांगता येईल? आणि माझं काही मागणं उरलेलं नाही, हे तर लिहून देऊच नका.

त्याचं कारण भारतीय करार कायद्यात आहे. १८७२ च्या या कायद्याचं कलम ६३ सांगतं की ज्याला वचन दिलंय, तो ते वचन पूर्णपणे किंवा काही अंशी सोडून देऊ शकतो. ‘नो क्लेम’वरची सही हा नेमका तसा सोडून दिल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. ताबा उशिरा मिळाला असेल तर रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, कलम १८ खाली तुम्हाला व्याज मागता येतं. त्या ओळीचा रोख बहुतेक वेळा तिकडेच असतो. शिवाय रेराच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. एका छापील ओळीने हा हक्क आपोआप बुडतो असं मी म्हणत नाही. पण महारेरापुढे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणापुढे, गेलात तर समोरचा वकील पहिल्यांदा तोच कागद काढेल, आणि तुमची शक्ती त्याला उत्तर देण्यात जाईल.

म्हणून ताबाच घेत नाही, असंही करू नका. इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ताबा घेणं ही रेराच्या कलम १९ खाली तुमची जबाबदारी आहे. ओसीची प्रत मागा, ती बघा आणि पत्रावर ती ओळ खोडून हाताने लिहा: ‘ताबा व किल्ल्या मिळाल्या. सोबतच्या यादीतील त्रुटी दुरुस्त करून मिळाव्यात. माझे सर्व हक्क राखून.’ मराठीत लिहिलंत तरी चालतं, त्यासाठी इंग्रजी लागत नाही. यादीवर त्यांच्या माणसाची सही-शिक्का घ्या. देत नसेल तर त्याच दिवशी फोटोंसकट ईमेल टाका.

मालाच्या व्यवहारात हाच फरक कायद्यानेच करून ठेवलाय. १९३० च्या माल विक्री कायद्यात माल पोहोचणं वेगळं आणि तो स्वीकारणं वेगळं. खरेदीदाराला तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने माल स्वीकारला असं धरत नाहीत. पण नाकारत असल्याचं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, की स्वीकारलाच. वाशीच्या मार्केटमध्ये किंवा तळोज्याच्या कारखान्यात चलनावर ‘मोजून-तपासून मान्य’ असा शेरा मारतात तो याचसाठी.

आता मुलाचं ऑफर लेटर. इथे ॲक्सेप्ट म्हणजे प्रस्तावाला होकार, आणि तो दिला की करार होतो. करार कायद्याचं कलम ७ म्हणतं की होकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. ‘मी ॲक्सेप्ट करतो, पण रुजू पुढच्या महिन्यात होईन’ असं त्याने लिहिलं, तर तो होकार धरला जात नाही, तो उलट प्रस्ताव ठरतो. हाइड विरुद्ध रेंच हा १८४० चा इंग्लंडमधला खटला यावरच आहे. शेत १००० पौंडांना देऊ केलं, घेणाऱ्याने ९५० सांगितले, मालकाने नकार दिला. मग घेणारा १००० ला तयार झाला, पण तोवर मूळ प्रस्ताव संपलेला होता. तेव्हा तारखेची घासाघीस आधी, वेगळ्या ईमेलने करायची. कंपनीने नवी तारीख लेखी दिली, की मग एका ओळीचा स्वच्छ होकार.

गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हेही मुलाला सांगा. १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली खटल्यात काकाने पुतण्याला लिहिलं होतं की तुझं काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन. कोर्टाने ते मानलं नाही. ‘तीन दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजू’ अशी ईमेल आली तर एवढं लक्षात ठेवा, तरी नकार द्यायचा असेल तर लगेच लेखी द्या. नंतरचा ताप वाचतो.

होकार कुठे पूर्ण झाला यावरून आपल्याकडे एक फार महत्त्वाचा निकाल आहे, आणि त्यातली एक बाजू आपल्या खामगावची. तिथल्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांचा सरकीच्या पेंडीचा सौदा ट्रंक कॉलवर ठरला. पेंड आली नाही, दावा अहमदाबादला झाला. खामगावकरांचं म्हणणं, होकार आम्ही इथून दिला, तेव्हा तिथल्या कोर्टाचा काय संबंध? सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की फोनवरचा होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबादला. पत्राने किंवा तारेने दिलेल्या होकाराचा नियम वेगळा आहे. १९६६ च्या लॉ रिपोर्टरमध्ये हा निकाल सापडेल. मला तो वाचायला आवडतो, कारण न्यायमूर्ती हिदायतुल्लांचं भिन्नमतही तितकंच तगडं आहे.

बँकेतलं ॲक्सेप्टन्स मात्र सगळ्यांत कडक. न्हावाशेवा बंदरात माल येतो, तो सोडवायची कागदपत्रं बँकेत ‘डीए’ म्हणजे डॉक्युमेंट्स अगेन्स्ट ॲक्सेप्टन्स या अटीवर येतात. आयातदार बिल ऑफ एक्स्चेंजवर (ठरल्या दिवशी पैसे द्या, असं विकणाऱ्याने लिहिलेल्या हुंडीवर) होकाराची सही करतो आणि त्या क्षणी मुदतीच्या दिवशी पैसे देण्याची जबाबदारी त्याच्यावर बसते. ‘सही फक्त कागद मिळाल्याची होती’ ही सबब तिथे चालत नाही.

स्पेलिंगचं एक. मुलाला सांगा, ए-डबल-सी बघून लिही. ईमेलमध्ये ‘टर्म्स एक्सेप्टेड’ ई-एक्स-सी ने गेलं, तर अर्थ होतो ‘अटी वगळून’. आणि ‘आय ॲक्सेप्ट टू जॉइन’ असं इंग्रजी होत नाही. ‘आय ॲक्सेप्ट द ऑफर’ किंवा ‘आय ॲग्री टू जॉइन’.

ॲपच्या बटणाचं काय? ते दाबणं हा होकारच आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १०अ म्हणतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार रद्दबातल ठरत नाही. पण तुमची माहिती वापरायला दिलेली संमती वेगळी गोष्ट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ती मोकळेपणाने, ठरावीक कामापुरती आणि समजून दिलेली असावी असं लिहिलंय, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. टॉर्चच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले तर ‘डोन्ट अलाउ’ दाबा, टॉर्च तरीही लागतो.

ताब्याच्या पत्राचा पूर्ण मजकूर नाव, फ्लॅट नंबर झाकून इथे टाका. आणखी कुठली ओळ खोडायला हवी ते बघून सांगते.