मुलांच्या खोलीत बंक बेड की दोन सुटे पलंग?

अमळनेरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या खासगी शाळेत शिकवतात, हाती २८,००० रुपये येतात. यजमान पाच एकर कोरडवाहू कपाशी करतात. मुलगी श्रावणात दहा वर्षांची होईल, मुलगा पाचचा आहे. दोघांसाठी दहा बाय दहाची खोली मोकळी केली आहे, स्लॅब साडेनऊ फुटांवर. जळगावच्या एका शोरूममध्ये पायऱ्यांत ड्रॉवर असलेला बंक बेड, म्हणजे एकावर एक असे दोन पलंग, गाद्यांसह ७२,००० रुपयांना, बारा महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर मिळतो आहे. प्रोसेसिंग फी १,२०० रुपये आणि त्यावर जीएसटी. रोख दिले तर तोच बेड ६६,०००. दुसरीकडे, गावचं जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर उतरवलं त्याचं सागवान खळ्यात रचून ठेवलं आहे. त्यातून सुतार कटाई, मजुरी, वरचं प्लाय आणि पॉलिश धरून १३,००० रुपयांत एक पलंग करून देतो म्हणतो. सासूबाईंचं म्हणणं, घरात बाजा आहेत की! बारा जणींच्या भिशीत ताईंचा नंबर पाचवा, तो आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) महिन्यात लागतो आहे, ६०,००० रुपये. ते पेरणीला ठेवावेत आणि बेड हप्त्यावर घ्यावा, असा त्यांचा विचार आहे. मुलीला पुण्याच्या मामेबहिणीसारखा शिडीचा बेड हवा आहे.

ताई, बंक बेड घेऊ नका. हप्त्यावर नाही आणि भिशीच्या पैशातूनही नाही. सागवानाचे दोन सुटे पलंग करा, आणि त्यातलाही आत्ता एकच.

आधी खोलीत टेप घेऊन उभ्या राहा. साध्या पंख्याच्या पात्यांचा व्यास चार फूट असतो. दहा फुटी खोलीत पंखा मधोमध असेल तर पातं भिंतीपासून तीन फुटांपर्यंत येतं. बेडची रुंदीही तीनच फूट. म्हणजे वरच्या बेडची कड आणि पात्याचं टोक एका रेषेत. वरची गादी जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येते. मुलगी सव्वाचार फुटांची धरली आणि ती गादीवर उभी राहिली, तर डोकं सव्वानऊ फुटांवर जातं, आणि पंखा त्याच्याही खाली फिरत असतो. चादर झटकताना हात वर गेला तरी पुरे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं सांगणं आहे की सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बेडवर झोपवू नये आणि वरचा कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान पाच इंच वर असावा. तुमचा मुलगा अजून सहाचा नाही, आणि शिडी दिसली की तो चढणारच. शोरूममध्ये कठडा मोजताना गादी टाकून मोजला का, हेही बघा. जाड गादी टाकली की कठडा नुसता नावाला उरतो.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत अमळनेरात पारा ४३-४४ वर जातो, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही, आणि गरम हवा वरच साठते. कूलर खिडकीत असतो, त्याची हवा खालून जाते. वरच्या बेडवर झोपणारं लेकरू उन्हाळ्यात खाली येऊन फरशीवर पसरणार, नाहीतर सगळ्यांसोबत गच्चीवर जाणार. ७२,००० रुपयांच्या वस्तूचा अर्धा भाग दर उन्हाळ्यात रिकामा राहील.

आणि मुलं वाढतात. चार-पाच वर्षांत मुलगी चौदा-पंधराची होईल, तिला स्वतःची जागा लागेल. सुटा पलंग हॉलमध्ये नेता येतो, बंक बेड नेता येत नाही. त्यातून हा बेड 'इंजिनिअर्ड वूड'चा, म्हणजे बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ, लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळ्या. एकदा खोलून पुन्हा जोडला की स्क्रूची भोकं सैल पडतात, आणि रोजच्या पोछ्याचं पाणी लागून खालच्या कडा फुगतात. विकायला काढलात तर फार काही हाती येणार नाही.

आता हप्त्याचं. रोखीचा भाव ६६,००० आणि हप्त्यांची बेरीज ७२,०००, म्हणजे ६,००० रुपये व्याजच आहे, फक्त किमतीत मिसळलेलं. प्रोसेसिंग फी जीएसटीसह १,४१६ रुपये. एकूण ७,४१६ जास्तीचे. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, म्हणून हा दर दिसतो त्याहून बराच मोठा असतो. मी मांडून पाहिला, वर्षाला साडेवीस टक्क्यांच्या आसपास जातो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ मुदत कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणंही बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. कुठलंही कर्ज घ्याल तेव्हा सहीआधी तो कागद मागा. दुकानदार तोंडी काय सांगतो त्याला अर्थ नाही.

पण मला व्याजापेक्षा जास्त काळजी महिन्यांची वाटते. भिशीचा नंबर पाचवा म्हणजे पुढचे सात महिने ५,००० रुपये भरायचेच आहेत. हातात आलेल्या ६०,००० पैकी ३५,००० अजून तुमचे नाहीत, ते उचललेले आहेत. त्यावर ६,००० चा हप्ता आला की २८,००० तून दरमहा ११,००० बाहेर. आणि हे सुरू कधी होणार? मे-जूनमध्ये. तेव्हाच बियाणं, खत, शाळेची फी, वह्या-पुस्तकं, सगळं एकदम अंगावर येतं. कपाशीचा पैसा दिवाळीच्या पुढे. मधल्या महिन्यांत पाऊस लांबला आणि दुबार पेरणी करायची वेळ आली, तर हप्ता थांबणार नाही. शेतीच्या घराने महिन्याचा हप्ता घेताना पगारासोबत पिकाचं वेळापत्रकही पाहावं, हे मी प्रत्येकाला सांगतो.

सागवानाचं मला मनापासून पटलं. धाब्याच्या घराचे सरे (छताची आडवी लाकडं) आणि खांब वर्षानुवर्षं वाळलेले असतात, ते आता वाकत नाहीत की फाटत नाहीत. पण लाकूड आऱ्यावर नेण्याआधी खिळे एकूण एक काढून घ्या. खिळा लागून पातं तुटलं तर भुर्दंड तुम्हालाच, आणि बरेच आरा मशीनवाले खिळ्याचं लाकूड घेतच नाहीत. बाहेरचा पांढरट भाग काढून टाकायला सांगा, वाळवी तिथूनच शिरते. जे सरे भिंतीत गाडलेले होते त्यांची टोकं टोच्याने टोचून बघा. टोच्या सहज आत गेला तर तेवढा तुकडा बाद. मापाला ७५ बाय ३६ इंच सांगा. ७२ इंची केला तर दहावी-बारावीत पाय बाहेर येतील. आडमापाचा तर मुळीच नको, पुढे तयार गादी मिळत नाही. दोन्ही पलंगांची उंची आणि पाय अगदी सारखे ठेवा. आखाजीला, कानबाईच्या सणाला घर भरलं की दोन्ही जोडून सहा फुटांचा पलंग होतो, तिघं सहज मावतात. एरवी समोरासमोरच्या भिंतींना लावले की मध्ये चार फूट जागा अभ्यासाला उरते.

पेटीचा पलंग नको. वजन वाढतं, खालून झाडता येत नाही. खाली मोकळा ठेवा, दोन पत्र्याच्या पेट्या सरकवा.

गाद्यांसाठी शोरूममध्ये जाऊच नका. तुमच्या घरात कापूस आहे! पुढच्या वेचणीतला पहिला, कोरडा, पांढरा कापूस थोडा बाजूला काढा, सरकी काढून पिंजाऱ्याकडे द्या. आत्ताच्या एका गादीला बाजारातून रुई घ्यावी लागेल, साडेतीन हजार धरून ठेवा. आपल्या उन्हात फोमपेक्षा ही गादी कमी तापते, उन्हात टाकता येते, आणि बसली की पुन्हा पिंजून घेता येते.

मुलगा आत्ता कुठे झोपतो ते तुम्ही लिहिलं नाही, पण पाच वर्षांचं लेकरू आजीजवळच्या बाजेवर आणखी सहा महिने झोपलं तर काही बिघडत नाही. सासूबाईंचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण पलंगापेक्षा घाईचं आहे ते सांगतो. मुलीच्या नावावर अजून काहीच केलं नाही, असं पत्राच्या शेवटी लिहिलंत. सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडता येतं. श्रावणातला तिचा वाढदिवस गेला की ते दार बंद. खातं २५० रुपयांतही उघडतं, वर्षाला किमान तेवढेच भरावे लागतात, जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत संपते. हे लिहिताना व्याज ८.२ टक्के आहे, सरकार ते दर तिमाहीला ठरवतं. दरवर्षी १२,००० भरले आणि हाच दर राहिला तर मुदतीअखेर साधारण पावणेसहा लाख होतात. उशिरा उघडल्यामुळे मुदत संपेल तेव्हा ती तिशी ओलांडत असेल, हे खरं. पण दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. तुमच्या कामाचं तेच आहे.

मग भिशीचे ६०,००० असे लावा: पलंग १३,०००, गादी ३,५००, सुकन्या खातं १,०००. उरलेले ४२,५०० पेरणीला. कपाशी विकली की दुसरा पलंग, आणि सुकन्यात बाकीचे ११,००० मार्चअखेरच्या आत.

लेकीला शिडी मिळणार नाही, तेव्हा तिला विचारून उशाला पुस्तकांची फळी करा, रंगही तिलाच ठरवू द्या. सुताराशी बोलताना तिला सोबत न्या.

एक राहिलं. ते घर सासऱ्यांचं होतं, म्हणजे सागवानात दिरांचाही वाटा आहे. दोन पलंगांना किती घनफूट लागतं ते सुताराकडून लिहून घ्या, आणि आखाजीला सगळे घरी जमतील तेव्हा यजमानांना दिरांशी समोरासमोर बोलू द्या. त्यांचा होकार मिळाल्याशिवाय एकही सरा आऱ्यावर नेऊ नका.