स्ट्रेस थॅलियमच्या आधी अर्धा कप चहा चालतो का?

ताई, तुमच्या बाबांची सोमवारी सकाळी स्ट्रेस थॅलियम आहे, म्हणजे हृदयावर ताण देऊन, किरणोत्सारी द्रव्य टोचून, हृदयाच्या स्नायूला रक्त कुठे कमी पोचतं याचे फोटो काढायची तपासणी. गुडघ्यांमुळे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालणं जमणार नाही म्हणून इंजेक्शन देऊन करणार आहेत आणि २४ तास चहा बंद ठेवायला सांगितलाय. बाबा म्हणतात, पहाटे रंकाळ्यावरून फिरून आल्यावर अर्धा कप घेतला तर काय बिघडतं? मी या तपासणीच्या विभागात बरीच वर्षं तंत्रज्ञ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्धा कपही नको. चहाने बाबांना त्रास होईल म्हणून नव्हे, तर रिपोर्ट खोटा चांगला येऊ शकतो म्हणून.

या तपासणीत ॲडेनोसिन किंवा रेगाडेनोसॉन हे औषध शिरेतून देतात. ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरच्या ठरावीक रिसेप्टरना (औषध जिथे बसतं त्या पेशीवरच्या जागांना) चिकटतं आणि वाहिन्या रुंदावतात. निरोगी वाहिनीतला प्रवाह तिप्पट-चौपट होतो. अरुंद झालेल्या वाहिनीच्या पुढचा भाग मात्र आधीच जमेल तितका सैलावलेला असतो, तिथे फारशी वाढ होत नाही. कॅमेरा हाच फरक टिपतो. चहातलं कॅफिन नेमकी त्याच रिसेप्टरवरची जागा अडवून बसतं. मग औषध जाऊनही निरोगी वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, फरक पुसट होतो, आणि ब्लॉकेज असलेला माणूस ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन घरी जातो. इंजेक्शननंतर छाती जड झाली, चेहरा तापला म्हणजे औषध पूर्ण लागू पडलं, असंही खात्रीने म्हणता येत नाही.

शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. म्हणून किमान १२ तास पाळतात आणि बरीच केंद्रं २४ सांगतात. तुम्हाला २४ सांगितलेत, तर रविवार सकाळपासूनच बंद.

आपल्या कोल्हापुरात खरी अडचण वेगळीच. पाहुण्यांकडे गेलं की कप हातात येतोच, आणि ‘गुळाचा आहे, काही होत नाही’ असा आग्रह होतो. गूळ घातल्याने चहा पावडरीतलं कॅफिन कमी होत नाही. ग्रीन टी, लेमन टी, कॉफी, कोला, चॉकलेट, सगळं बंद. डिकॅफ कॉफीतही थोडं उरतंच. गवती चहा आणि आलं पाण्यात उकळून, पावडर न घालता दिलं तर चालेल. रविवारी संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावरचं दूध प्यायलाही कॅफिनच्या दृष्टीने हरकत नाही, डॉक्टरांनी पथ्य सांगितलं नसेल तर. उपाशी कधीपासून राहायचं आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचं, हे मात्र केंद्रालाच विचारा.

दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याचं डोकं रविवारी दुपारीच ठणकायला लागतं. घरचं कुणीतरी प्रेमाने सॅरिडॉन देतं, आणि त्यात कॅफिन आहे! नुसत्या पॅरासिटामॉलमध्ये नसतं, तरी डॉक्टरांना विचारून द्या. त्यापेक्षा आजपासूनच रोज एकेक कप कमी करत आणा.

बाबांना दमा आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर आधीच सांगा, कारण दम्यात ही इंजेक्शनं धोक्याची ठरू शकतात. डेरिफायलिनसारख्या दम्याच्या गोळीतलं थिओफायलिनही कॅफिनसारखंच आड येतं. ती गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टर ठरवतील, कदाचित डोब्युटामिन वापरतील. ते वेगळ्या मार्गाने हृदयाची गती वाढवतं. डायपिरिडॅमोल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर तेही सांगा.

तपासणी झाल्यावर चहा घेता येतो, फक्त फोटो आणि सगळे टप्पे संपलेत का ते विचारून घ्या. इंजेक्शनचा त्रास उतरत नसेल तर डॉक्टर ॲमिनोफायलिन देतात. तेही कॅफिन-थिओफायलिनच्याच कुळातलं, तपासणीआधी जे आड येतं तेच नंतर उतारा म्हणून कामी येतं.

आणि सोमवारी पहाटे बाबांनी गुपचूप चहा घेतलाच, तर रागावू नका, लपवूही नका. निघण्याआधी केंद्राला फोन करा. नाव थॅलियम असलं तरी या तपासणीत किरणोत्सारी द्रव्य म्हणून बहुतेक वेळा टेक्नेशियम वापरतात, ते दर ६ तासांनी निम्मं होतं, तयार केलेला डोस उद्यासाठी ठेवता येत नाही. म्हणून जितक्या लवकर कळवाल तितकं त्यांना सोपं. किती वाजता आणि किती घेतला, एवढं नीट सांगा. पुढची तारीख देतील किंवा दुसरं औषध निवडतील.