मेंदूला सूर कसा कळतो, हे शिकायचंय. मग नीट द्यायची का?

सांगलीच्या एका आईंनी लिहिलंय: मुलगी अकरावी सायन्सला आहे, लहानपणापासून गाणं शिकतेय आणि गणित सोडून नुसतं बायोलॉजी ठेवायच्या बेतात आहे. तिला ‘मेंदूला सूर कसा कळतो’ यावर काम करायचंय. घरच्यांचं म्हणणं, मग एमबीबीएस करून न्यूरॉलॉजीच घे. पेटीशिवाय ती काळी चार (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर) अचूक लावते, तर बोटांच्या ठशांवरून मेंदूची चाचणी करून घ्यावी का, असंही त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

घाईचं उत्तर आधी देतो: गणित सोडू देऊ नका. आवाजाची फोड करायची म्हणजे साइन-कोसाइन आणि लॉगॅरिदम आलेच, आणि बारावीनंतर ही उणीव भरून काढताना मुलं फार दमतात. बायोलॉजी सोबत राहू द्या. एमबीबीएसची मात्र सक्ती नाही. न्यूरॉलॉजिस्टचा दिवस पक्षाघात, फिट आणि डोकेदुखीत जातो. सुराचा प्रश्न त्याच्यापर्यंत क्वचितच येतो.

कोर्स शोधण्याआधी तिला एक प्रयोग करू द्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. चार वेगळ्या मोनो ट्रॅकवर 200, 300, 400 आणि 500 हर्ट्झचे साइन टोन (एकाच कंपनसंख्येचे शुद्ध सूर) तयार करा, प्रत्येकी 3 सेकंदांचे, सगळे एकाच क्षणी सुरू होणारे. प्रत्येकाचं अ‍ॅम्प्लिट्यूड (लहरीची उंची) 0.2 ठेवा. हे चुकलं की प्रयोगच फसतो: चारही टोन 0.8 वर ठेवले तर बेरीज 1 च्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, वर जाते, आवाज फाटतो आणि त्या फाटण्यातून 100 हर्ट्झ खरोखरच तयार होतो. आता हळू आवाजात एकत्र वाजवा. बहुतेकांना 100 हर्ट्झचा खर्ज ऐकू येतो, जो आवाजात नाहीच. मग 300 आणि 500 म्यूट करा. सूर एकदम सप्तकभर वर उडी मारतो.

कॉक्लियातला, म्हणजे कानातल्या शंखासारख्या भागातला, पडदा साधारण 35 मिलिमीटर लांब असतो. त्याच्या तोंडाशी वरचे सूर थरथरतात, टोकाशी खालचे. आपल्या प्रयोगात 100 हर्ट्झच्या जागी जवळजवळ काहीच हललेलं नसतं. पण चारही टोन मिळून दर 10 मिलिसेकंदांनी तोच नमुना पुन्हा येतो. मेंदू ती आवर्तनं धरतो आणि मूळ सूर स्वतः भरून काढतो. काळी चारमध्ये तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 104 हर्ट्झची. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तेवढा खालचा सूर जेमतेमच निघतो, तरी तानपुरा अ‍ॅपमधला खर्ज तिला ऐकू येतो, तो याच कारणाने.

प्रयोगानंतर ती काय विचारते, तिकडे लक्ष द्या. त्यावरून तीनपैकी एक वाट ठरेल.

‘हे कानात कसं होतं, आणि बिघडलं तर?’ असं विचारलं तर बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी आणि वाचा-भाषा उपचाराची पदवी: तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही ठळक ठिकाणं. प्रवेश कुठे नीटच्या गुणांवर, कुठे वेगळ्या परीक्षेवर. त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहा, आणि कॉलेज खासगी असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची (आरसीआय) मान्यता तपासा. नोकरीच्या दृष्टीने तिन्हींत हीच वाट सर्वांत थेट, आणि गाणाऱ्या मुलीसाठी इथे एक अवघड प्रश्न पडलेला आहे. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे 3,500 असतात, कॉक्लिअर इम्प्लांटला (ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवायच्या यंत्राला) इलेक्ट्रोड 12 ते 22. त्यामुळे बोलणं कळतं, पण चाल ओळखणं बहुतेकांना अवघड जातं.

‘कॉम्प्युटरला हे ओळखता येईल का?’ असं विचारलं तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, भर सिग्नल प्रोसेसिंगवर, म्हणजे आवाजासारख्या लहरींची गणिताने फोड करण्यावर. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांच्या गटाने हिंदुस्तानी संगीताच्या विश्लेषणावर बरंच काम केलंय.

‘सगळ्यांना असंच ऐकू येतं का?’ (नाही येत, काहींना चार टोन सुटे ऐकू येतात) असं विचारलं तर मानसशास्त्राची पदवी किंवा आयसर पुणे या विज्ञान संशोधन संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस. पुढे कॉग्निटिव्ह सायन्समध्ये (मन आणि आकलन कसं चालतं याचं शास्त्र) एमएस्सी, गांधीनगर आयआयटी किंवा अलाहाबाद विद्यापीठात. ही वाट लांबची आहे. पीएचडीशिवाय अर्थ नाही, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पक्कं हवं, आणि घरच्यांनी तिशीपर्यंत स्थिर पगाराची घाई करायची नाही.

काळी चारबद्दल. रोजच्या रियाजाचा सा गळ्याच्या सवयीनेही लागतो. खात्री करायची तर सकाळी काहीही ऐकण्याआधी पेटीवर 20 पट्ट्या आडव्यातिडव्या वाजवा आणि नावं विचारा. सप्तक चुकलं तर चालेल, पण मध्ये बरोबर-चूक सांगू नका, नाहीतर ती आधीच्या सुरावरून पुढचा ओळखेल. नुसत्या अंदाजानेही एक-दोन बरोबर येतातच. 17-18 आले तर दुर्मीळ देणगी आहे, पण प्रवेशाला तिचा उपयोग शून्य. आपलं संगीत सा कुठेही धरून चालतं, त्याला सुरांमधली अंतरं कळणारा कान पुरतो.

बोटांच्या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. त्या पैशांत चांगला वायरचा हेडफोन येईल. प्रयोगाला तोच लागणार आहे.