गेलेल्या कलावंताचं दुसरं काम शोधून बघा

तुमचा प्रश्न असा: गेल्या काही वर्षांत इतके मराठी कलावंत आणि लेखक गेले, नावं बातम्यांतून कळली, पण काम बघायचं-वाचायचं राहून गेलं. आता सुरुवात कुठून करावी, आणि मला स्वतःला कोणाची आठवण जास्त येते?

मला विक्रम गोखल्यांची येते. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ते गेले, तेव्हा जो तो ‘हम दिल दे चुके सनम’मधले कडक वडील आठवत होता. भूमिका चांगलीच आहे. पण पन्नासेक वर्षं काम केलेला नट असा एका हिंदी सिनेमातल्या भुवया उंचावण्यावर संपतो, हे मला सहन होत नाही. माणूस गेला की सगळ्यांना ठाऊक असलेली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा फिरते, आणि दोन दिवसांनी तीही थांबते. म्हणून माझं उत्तर एवढंच आहे: ज्या कामासाठी तो माणूस प्रसिद्ध आहे ते थोडं बाजूला ठेवा आणि त्याचं दुसरं एखादं काम शोधून काढा.

गोखल्यांच्या बाबतीत ते काम म्हणजे ‘अनुमती’. गजेंद्र अहिरे यांचा सिनेमा. निवृत्त शिक्षक, बायको रुग्णालयात यंत्रांच्या आधारावर, उपचारांचा खर्च आवाक्याबाहेर गेलेला, आणि यंत्रं काढायला संमती देणारी सही मागणारा कागद समोर. रडून मोकळं व्हायची संधी या भूमिकेत जागोजागी आहे आणि गोखले ती घेत नाहीत. त्यांची ओळखीची लकब म्हणजे वाक्य मध्येच तोडून थांबणं. इतरत्र कधीकधी ती लकब म्हणून जाणवायची, हे मान्य. इथे मात्र तो थांबा म्हणजे पुढचा शब्द उच्चारायचीच हिंमत नसलेला माणूस वाटतो. सोबत नीना कुळकर्णी आहेत, बहुतेक वेळ अंथरुणाला खिळलेल्या, तरी सिनेमाभर जाणवत राहतात. या भूमिकेसाठी गोखल्यांना अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ‘पानसिंग तोमर’च्या इरफान खान यांच्यासोबत विभागून. इरफान २०२० मध्येच गेले. आता दोघेही नाहीत. सवड काढून हे दोन सिनेमे लागोपाठ बघा.

गोखल्यांच्या घराण्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांची पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले या दोघींनी १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केलं, बायकांनी पडद्यावर येणं कुणाला रुचत नव्हतं त्या काळात. वडील चंद्रकांत गोखले. म्हणजे भारतीय सिनेमाचं वय आणि या घराच्या अभिनयाचं वय जवळपास एकच.

सिनेमा निदान उरतो. नाटकातल्या माणसांचं काय करायचं, हा मला जास्त छळणारा प्रश्न आहे. अतुल परचुरे १४ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले, कर्करोगाने, वय अवघं ५७. बहुतेकांना ते हिंदी विनोदी कार्यक्रमांतून माहीत. नाटक बघणाऱ्यांना आठवतात ते ‘व्यक्ती आणि वल्ली’मधले त्यांचे पु. ल. खुद्द पु. ल. हयात असताना रंगमंचावर पु. ल. म्हणून उभं राहायचं, आणि तेही ज्यांना प्रत्येक वाक्य पाठ आहे अशा प्रेक्षकांपुढे! पण माझ्या मनात राहिलेत ते जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’मधला बच्चू म्हणून. मतिमंद मुलगा, वयाने वाढतोय, आणि त्याच्याभोवती थकत चाललेले आईबाप. एका भूमिकेत मराठीतला सर्वांत बोलका माणूस, दुसरीत ज्याच्याजवळ शब्दच अपुरे आहेत असा मुलगा. एकाच नटाने दोन्ही केलं. बच्चू करताना प्रेक्षकांची दया मिळवायचा मोह किती सोपा असतो, विचार करा. परचुरे तसं काही करत नसत. बच्चू त्याच्या नादात असायचा, त्याचं त्याचं काहीतरी चाललेलं असायचं, आणि आपलं लक्ष आपोआप आईबापांच्या चेहऱ्यांकडे जायचं. समोरच्या नटांना एवढी जागा देणारा नट मी फार कमी पाहिला. अशी कामं ज्यांनी पाहिली त्यांनी तपशिलात लिहून ठेवायला हवीत. ‘अप्रतिम अभिनय’ एवढं लिहून पुढच्या पिढीला काहीच कळत नाही.

अच्युत पोतदारांबद्दलही माझी तीच तक्रार आहे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ते गेले आणि ‘थ्री इडियट्स’मधल्या प्राध्यापकाचं एक वाक्य मोबाइल-मोबाइलवर फिरलं. हा माणूस आधी सैन्यात अधिकारी होता, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी केली, आणि सिनेमात आला तो चाळिशी उलटल्यावर. ‘वागले की दुनिया’ आठवणारे आता कमी उरलेत, पण ‘माझा होशील ना’मधले आप्पा तर अगदी अलीकडचे आहेत. नव्वदीकडे झुकलेल्या वयात मालिकेच्या चित्रीकरणाचं ओझं पेलणं किती अवघड, ते त्या धंद्यातल्यांना विचारा.

दोन सुलोचनांचा गोंधळ तर नेहमीचा. सुलोचना चव्हाण १० डिसेंबर २०२२ ला गेल्या, अभिनेत्री सुलोचना लाटकर ४ जून २०२३ ला. एक लावणीसम्राज्ञी, दुसऱ्या पडद्यावरच्या आई. चव्हाणबाईंचं एखादं ध्वनिचित्रमुद्रण मिळालं तर जरूर बघा. डोक्यावरून पदर घेतलेला, हातवारे नाहीत, आणि आवाजात मात्र ठसकाच ठसका. ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ ऐकताना एकेक शब्द कसा तोडलाय, कुठे नेमका दाबलाय, तेवढ्याकडेच लक्ष द्या. नाच न दाखवता नुसत्या गळ्याने लावणी उभी करणं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

आता लेखक. इथे काम सोपं, कारण पुस्तकं आहेत.

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. खगोलशास्त्रज्ञ म्हणून सगळ्यांनी आठवले ते बरोबरच. पण १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने गेली होती. जयंत विष्णू नारळीकर यातली आद्याक्षरं उलट लावून केलेलं नाव. आपल्या नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये म्हणून हा खटाटोप, आणि पहिलं बक्षीस मिळालंच. केंब्रिजहून आलेला, जगभर नाव झालेला माणूस मराठी कथेच्या दारात अनोळखी म्हणून उभा राहतो, यात मला त्यांची सगळी वृत्ती दिसते. त्यांच्या कथा वाचा, आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्रही.

ना. धों. महानोर ३ ऑगस्ट २०२३ ला गेले. ‘जैत रे जैत’ची गाणी सर्वांना पाठ, ती ऐकायला कुणी सांगायला नको. पण ‘रानातल्या कविता’ हा १९६७ चा संग्रह हातात घेतलेले किती जण आहेत? पळसखेड्याला शेती करणारा हा कवी. रान त्यांनी बांधावरून बघितलेलं नाही, त्यात राबून लिहिलंय. विधान परिषदेवर गेले तेव्हा तिथेही शेती आणि पाणी हेच विषय लावून धरले. गाण्यांतला हिरवेपणा कुठून येतो, ते संग्रह वाचल्यावर उमजतं, आणि मग ‘पानझड’ या त्यांच्याच संग्रहातली कोरड जास्त टोचते.

अनिल अवचट (२७ जानेवारी २०२२), द. मा. मिरासदार (२ ऑक्टोबर २०२१), रत्नाकर मतकरी (मे २०२०) यांच्याबद्दल इथे सविस्तर लिहीत नाही, कारण त्यांची पुस्तकं कुठल्याही वाचनालयात मिळतील. मतकरींच्या गूढकथा वाचून झाल्या असतील तर त्यांचं ‘आरण्यक’ हे नाटक वाचा. मिरासदारांची कथा मात्र वाचण्याआधी त्यांच्याच आवाजात ऐका.

नंदा खरे २२ जुलै २०२२ ला गेले. त्यांच्या ‘उद्या’ या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. समाजाने आपल्याला पुष्कळ दिलं, आता पुरस्कार घ्यायचे नाहीत, असं ठरवलेलं होतं. त्यामुळे ‘उद्या’चं नाव तरी लोकांना माहीत झालं. तुम्ही ‘अंताजीची बखर’ घ्या. इतिहासातल्या मोठ्या नावांची कादंबरी वाचायची आपल्याला सवय. इथे सगळा काळ अंताजी नावाच्या एका बेरकी, सामान्य माणसाच्या तोंडून येतो आणि वाचता वाचता आपण त्याच्याच बाजूने बघायला लागतो.

आणि जयंत पवार, २९ ऑगस्ट २०२१. साहित्य अकादमी मिळाली ती ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला, नाटक म्हणून गाजलं ते ‘अधांतर’. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या एका घराची कशी वाताहत झाली, ते त्यात आहे. ‘लालबाग परळ’ सिनेमा त्याच नाटकावरून आला. सिनेमा पाहिला असेल तरी नाटकाची संहिता वेगळी वाचा. सिनेमात बंदुका आणि रक्त जास्त आहे. नाटकात सगळं एका खोलीत घडतं, आणि बेकार मुलांना सांभाळणारी आई त्या खोलीतून हलू शकत नाही. यादी लांबली, हे कळतंय मला. यातलं एकच घ्यायचं म्हणालात तर ‘अधांतर’ घ्या.