गिअरबॉक्स उतरवताना इंजिन कशावर टेकवायचं?

आधी गाडीची रचना बघा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून तीन-चार माउंटिंगवर (गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या रबरी आधारांवर) बसलेले असतात. गिअरबॉक्सकडचं माउंटिंग सोडलं की इंजिन त्या बाजूला खाली झुकतं. रेडिएटरचे पाइप, वायरिंग, एक्झॉस्ट सगळं ताणलं जातं.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वरून आडवा सपोर्ट बार. त्याचे पाय बॉनेटखालच्या मजबूत कडेवर ठेवा, पातळ फेंडरच्या पत्र्यावर नको. साखळी इंजिनच्या उचलायच्या हुकांनाच लावा. ताण फक्त माउंटिंगचा बोल्ट हाताने फिरेल इतकाच.

बार नसेल तर खालून जॅक चालतो, पण ऑइल चेंबरवर (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यावर) थेट कधीच नको. पत्र्याचं चेंबर दबलं की आतली ऑइलची जाळी अडते आणि इंजिनला ऑइल कमी पडतं. ॲल्युमिनियमचं असेल तर सरळ तडकतं. मध्ये जाड, रुंद लाकडी फळी घाला, तीही चेंबरच्या कडेजवळ. जॅक हळूहळू बसतो, म्हणून रात्रभर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि गाडी जॅक स्टँडवर हवीच, हे वेगळं सांगायला नको.

गिअरबॉक्सला स्वतंत्र जॅक लावा. शेवटचा बोल्ट निघाल्यावर गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमध्ये घुसणाऱ्या त्याच्या दांड्यावर) लोंबकळला तर क्लच प्लेट वाकते. सरळ रेषेत इंजिनपासून दूर ओढा. अडकला तर पहारीने उचकटू नका, राहिलेला बोल्ट शोधा. एखादा स्टार्टरमागे लपलेला असतो.