आईला एसव्हीटी आहे, डॉक्टर ॲब्लेशन करा म्हणतात. गोळ्यांवर भागणार नाही का?

तुम्ही लिहिलंय की आई निपाणीकडच्या गावात असतात, आणि घरची मोठी माणसं ‘काळीज जाळून घ्यायचं नाही’ म्हणून अडून बसलीत. मी खानापूरची. मलाही एसव्हीटीच, म्हणजे अचानक सुटणारी हृदयाची धडधड, होता आणि ॲब्लेशन झालंय, म्हणून लिहिते.

एसव्हीटीत बहुतेक वेळा हृदयातल्या विजेला एक जादा वाट असते. वीज तिथून गोल फिरत राहते आणि ठोके एकदम मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या आत नेऊन त्या वाटेचा काही मिलिमीटरचा तुकडा 50-60 अंशांपर्यंत तापवतात. ॲब्लेशन म्हणजे, घरचे ‘जाळणं’ म्हणतात ते, एवढंच. छाती उघडत नाहीत.

तापवण्याआधी नळीतून हलके ठोके देऊन डॉक्टरांनी माझी धडधड मुद्दाम सुरू केली आणि विचारलं, “घरी होते ती हीच का?” मला रडूच आलं. गावाहून बेळगावला पोचेपर्यंत धडधड थांबायची, ईसीजी नॉर्मल यायचा आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकून परतायचं, असं कितीदा झालं होतं!

गोळ्यांनी झटके कमी होतात, जादा वाट जात नाही. झटके क्वचित आणि सौम्य असतील तर गोळ्यांवर राहणंही चूक नाही. पण चक्कर येऊन पडत असतील, किंवा ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू (जन्मापासूनची जादा वाट, जी ईसीजीत दिसते) लिहिलं असेल, तर पुढे ढकलू नका. नेहमीच्या एसव्हीटीत ॲब्लेशनने शंभरात नव्वदहून जास्त जणांना कायमचा गुण येतो. धोकेही आहेत: जांघेत कधी रक्त साकळतं, आणि वाट हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या विजेच्या मुख्य जोडाला लागून असेल तर शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना, पेसमेकर लागतो. आईंची वाट नेमकी कुठे आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

शेजारपाजारच्या कुणाचं ‘एएफ’चं (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याच्या आजाराचं) ॲब्लेशन फसल्याचं ऐकून घाबरू नका. तो आजार वेगळा. त्यात फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांभोवती काम करतात, कधी दुसऱ्यांदाही करावं लागतं.

निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं, पण रेशनकार्ड कर्नाटकाचं असेल तर इकडची सरकारी उपचार योजना तिकडे चालेल असं धरून चालू नका. ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) भेटा. घरी आल्यावर आठवडाभर घागर, गवताचा भारा उचलू देऊ नका.

तोवर धडधड सुटली तर डॉक्टरांना विचारून हा उपाय शिकून ठेवा: अर्धवट रेलून 15 सेकंद जोरात कुंथायचं, मग लगेच सपाट झोपवून दुसऱ्याने पाय 15 सेकंद वर धरायचे. 2015 च्या एका चाचणीत याने शंभरात 43 जणांचे ठोके जागेवर आले, नुसत्या कुंथण्याने 17 जणांचे. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर मात्र यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा, आणि धडधड चालू असतानाचा ईसीजी मागून घ्या.